सहा दशांश मिलिमीटर हवा

१

पातळ कागदाची ती पट्टी नऊ शतांश मिलिमीटर जाडीची होती. सोमवारी सकाळी मोमोसे किनुएने ती सात नंबरच्या यंत्राच्या एकेका पायाशी लावून पाहिली. तीन पायांशी ती अडली. पुढच्या उजव्या पायाखालून मात्र अलगद आरपार गेली.

किनुएने ग्रॅनाइटचा सपाट ओटा पुसला, यंत्र उलट दिशेने ठेवलं आणि पुन्हा मोजलं. तोच पाय. मग तिने जाडी मोजायच्या पोलादी पात्यांचा जुडगा काढला आणि एकेक जाड पाती सरकवत गेली. तीन दशांशाची पातीही आत गेली.

तीन दशांश म्हणजे नखाच्या जाडीहून कमी. जेवणाच्या टेबलाचा पाय एवढा उचलला गेला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण सात नंबर हा मर्यादा-नमुना होता. याच्याहून वाईट असलेला एकही लॅपटॉप कारखान्याबाहेर जाऊ द्यायचा नाही, अशी खूण म्हणून मार्चमध्ये सहीऐवजी मारायच्या सगळ्यांच्या नावाच्या शिक्क्यांनिशी तो काचेच्या कपाटात ठेवला होता. त्या दिवशी किनुएने स्वतः मोजला होता. चारही पाय टेकत होते.

कपाटाची किल्ली एकच आणि ती तिच्या गळ्यात. दर सोमवारी पडद्यावरच्या बिघडलेल्या ठिपक्यांची तुलना करायला ती सात नंबर उघडायची. विजेची तार कपाटाच्या मागच्या भोकातून कायमची जोडलेली असायची. तेवढं सोडलं तर तीन महिन्यांत त्याला कुणाचा हात लागला नव्हता. आणि तरी बंद कपाटात त्याच्या पाठीचा पत्रा पिळला होता.

फोन वाजला. माल पाठवणाऱ्या विभागातला यानागी होता.

"मोमोसेसान, शुक्रवारी तीनला गाडी सांगितलीय. तीन हजार नग. तुमचा शिक्का अजून आलेला नाही."

"उद्या सांगते."

"गेल्या शुक्रवारीही तुम्ही हेच म्हणालात."

"हो," किनुए म्हणाली. "म्हणाले होते."

तोगावा सेइकी हा ओकायातला, तळ्याकाठचा जुना कारखाना. आधी कॅमेऱ्याच्या झडपा बनवायचा, आता हा लॅपटॉप. अठरा मिलिमीटर जाड, तेराशे ग्रॅम वजन, आत पंखा नाही, फ्लॉपी नाही, मॅग्नेशियमचं कवच सात दशांशाचं. मुख्य कार्यालयाने तिथूनच आलेल्या विभागप्रमुख साइगुसाकरवी (कारखान्यात सगळे त्याला बुचो म्हणत) स्पष्ट कळवलं होतं, लोक खरेदीला निघतात त्या उन्हाळी बोनसच्या आत यंत्र दुकानात दिसलं नाही तर कारखाना बंद. दोनशे बारा माणसं. किनुएने शिक्का मारला तर त्यांची नोकरी वाचणार होती.

ती बॅटरी-चाचणीची निळी वही काढायला फडताळाकडे गेली. शेजारच्या दोन वह्या एकमेकींवर कलल्या होत्या. मधली जागा रिकामी होती.

२

"अगं, माझ्याकडे काय बघतेस? साचा मी कापला, पण कागदाप्रमाणे कापला," हामा तोकुजी म्हणाला. साचे बनवण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. किनुए अठराव्या वर्षी कारखान्यात आली तेव्हापासून तो तिला एकेरीच हाक मारायचा.

"बॅटरीचा खड्डा किती खोल आहे, हामासान?"

"आधी पाच पूर्णांक सहा. आता पाच."

किनुएने मनात वजाबाकी केली. बॅटरी पाच मिलिमीटरची होती. वर सहा दशांश मोकळी जागा होती आणि ती सेकिझावाने ठेवली होती. आराखड्याचा प्रमुख सेकिझावा. बैठकीत कुणी त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं की तो म्हणायचा, यातला सर्वांत गरजेचा सुटा भाग म्हणजे ही हवा, तिला हात लावू नका. बॅटरी वापराने फुगते. फुगायला जागा नसेल तर ती पत्रा ढकलते, आणि पत्रा हलला नाही तर आतली धारदार कड बॅटरीच्या मऊ आवरणात रुतते. मग आग. यंत्र असेल तिथे, माणसाच्या मांडीवर असेल तर मांडीवर.

"प्रतिस्पर्ध्याचं यंत्र अठरा पूर्णांक चारचं निघालं," हामा म्हणाला. "आपलं अठरा पूर्णांक सहा होतं. बदलपत्र एकतीस आलं, सहा दशांश काढा. मी म्हटलं, सेकिझावा शेवटी नमला. मग बघितलं तर खाली त्याचाच शिक्का. बारा फेब्रुवारी. दुसऱ्याच दिवशी गेला बिचारा."

"तुम्हाला नवल नाही वाटलं?"

"वाटलं ना. पण पोरी, मी शिक्का बघतो. शिक्क्यामागच्या माणसाला विचारत बसलो तर साचा कधी कापू?" त्याने हातातली कानस खाली ठेवली. "आणि तोही गंमतच होता. मुख्य कार्यालयातली मंडळी आपला शिक्का साहेबाच्या शिक्क्याकडे कलता मारतात ना, नमस्कार घातल्यासारखा? सेकिझावा त्यांना विचारायचा, तुमच्या शिक्क्यांना कंबरदुखी आहे का? त्याच्या धाकाने इथला एकही जण तिरपा शिक्का मारत नाही. मीसुद्धा."

किनुए हसली नाही. बदलपत्र एकतीसवर गुणवत्ता-तपासणीचाही एक चौकोन होता. त्यातला शिक्का तिचा होता.

३

ओगुची शुन बॅटरीचा माणूस, वय एकोणतीस. सेकिझावाने त्याला हाताला धरून शिकवलं होतं. बुधवारी दुपारी किनुएने त्याला चाचणीखोलीत गाठलं.

"निळी वही कुठे आहे?"

"मला काय माहीत? फडताळात असेल."

"नाहीये."

"मग कुणीतरी नेली असेल." त्याने चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला.

"ओगुची, सात नंबर फुगलाय."

तो खुर्चीवर बसला. 

"किती?"

"पाय तीन दशांशाने उचललाय. आत किती ते तू सांग."

"तार लावूनच ठेवला होता ना? पूर्ण भरलेली बॅटरी, वरून ऊब." तो पुटपुटला. "लोक घरीही असाच वापरणार. कोण काढतं तार?"

"सेकिझावासान कोसळले तेव्हा तू जवळ होतास."

"शुक्रवार होता. तेरा तारीख. जादा कामाच्या तक्त्यांवर शिक्के मारत होते. म्हणाले, ओगुची, जरा खिडकी उघड. मी वळलो, तेवढ्यात खुर्ची पडल्याचा आवाज. शिक्का हातातून सुटून फरशीवर पार कपाटाखाली गेला. रुग्णवाहिका गेल्यावर मीच तो शोधून काढला." त्याचा आवाज बारीक झाला. "सामानाचा खोका मी भरला. चोवीस तारखेला वहिनींना नेऊन दिला."

"म्हणजे अकरा दिवस तो शिक्का तुझ्याकडे होता."

त्याने मान वर केली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"मोमोसेसान, तुम्हाला वाटतंय ते मी केलेलं नाही."

"मला काय वाटतंय ते मी अजून बोललेले नाही," किनुए म्हणाली.

४

सेकिझावाचं घर शिमोसुवात, चढावर होतं. गुरुवारी संध्याकाळी त्याची बायको फुमिए हिने चहा ओतला आणि मुरलेल्या पाल्याच्या लोणच्याची बशी पुढे सरकवली.

"खा ना. यांना फार आवडायचं. आता एकटीकडून संपत नाही, आणि टाकवतही नाही." मग एकदम म्हणाली, "यंत्र बाजारात येतंय म्हणे. मी एक घेणार आहे. मला चालू कसं करायचं तेही येत नाही, पण घेणार. फोटोजवळ ठेवीन."

किनुएने बशी खाली ठेवली. ती चहा प्यायली.

"वहिनी, त्यांच्या खोक्यात शिक्का होता का?"

"होता. पण मला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचा आला. यांच्या शिक्क्याची कड शाबूत होती आणि हा टवका उडालेला." तिने खणातून लाकडी डबी काढली. गोल कडेला खाली डावीकडे तांदळाच्या कणीएवढी खोक होती. "नाव यांचंच आहे म्हणून ठेवून घेतला."

"ते गेल्यावर कंपनीला हा कुठे लागला असेल का, म्हणजे पेन्शनच्या कागदांवर वगैरे?"

"छे हो. माणूस गेल्यावर त्याच्या शिक्क्याला कोण विचारतं? सगळ्या कागदांवर मीच मारला, घरचा. ते कागदही मार्चमध्ये आले." फुमिएने डबी मिटली. "का विचारताय?"

"नोंदीसाठी," किनुए म्हणाली. एवढं सपाट खोटं ती आजवर कधी बोलली नव्हती.

दारात चपला घालताना फुमिए मागून म्हणाली, "शेवटचे तीन महिने हे झोपेत आकडे बोलायचे. सहा दशांश, सहा दशांश. मी म्हणायची, अहो, देऊन टाका ना एकदाचे, एवढंसं तर आहे. मी असं बोलायला नको होतं का हो?"

किनुएने चपलेचा पट्टा लावला. ती वाकून नमस्कार करून उतारावरून खाली आली.

५

शुक्रवारी सकाळी सातला ती दप्तरखोलीत बसली. सेकिझावाची वर्षभरातली एक्केचाळीस कागदपत्रं तिने तारखेवार मांडली आणि भिंग घेतलं. चाळीस शिक्क्यांची गोल कड अखंड होती. शेवटचा जादा कामाचा तक्ता तेरा फेब्रुवारीचा. तोही अखंड.

एक्केचाळिसावा कागद बदलपत्र एकतीस. तारीख बारा फेब्रुवारी. कडेला खाली डावीकडे तांदळाच्या कणीएवढी जागा कोरी होती.

शिक्का तेराच्या संध्याकाळी फरशीवर आपटला, तेव्हा तो टवका उडाला. म्हणजे बाराची तारीख घातलेला हा कागद तेरानंतरचा होता. आणि तिच्या स्वतःच्या शिक्क्याखाली अठरा तारीख होती. या पाच दिवसांत, मेलेल्या माणसाच्या नावाने, कुणीतरी सहा दशांश हवा काढून टाकली होती.

अठरा तारीख तिला चांगली आठवत होती. अंत्यविधीला दोन दिवस झाले होते. कागद समोर आला, सेकिझावाचा शिक्का दिसला आणि तिचे डोळे भरून आले. त्याचं शेवटचं काम म्हणून तिने वाचल्याशिवाय शिक्का मारला. एकवीस वर्षांत न वाचता मारलेला तो एकच.

शिक्का ओगुचीकडे होता. पण किनुएने भिंग पुन्हा खाली नेलं आणि या वेळी कडेऐवजी नाव पाहिलं. नाव सरळ उभं नव्हतं. दहा-बारा अंशांनी डावीकडे, मंजुरी देणाऱ्या साहेबाच्या चौकोनाकडे, कललं होतं.

तिने ओगुचीचे साठ चाचणी-अहवाल काढले. साठही शिक्के ताठ. हामाचे ताठ. या कारखान्यात कुणाचा हात तसा वळतच नव्हता. फक्त एक माणूस मुख्य कार्यालयातून आलेला होता, साइगुसा. तो सर्वांत वरचा, त्याचा स्वतःचा शिक्का कुणापुढे कलायचं कारण नव्हतं, म्हणून त्याची सवय आजवर कुणाला दिसली नव्हती. पण हाताखालच्याचा शिक्का आपल्या शिक्क्याशेजारी कसा दिसायला हवा, हे त्याच्या बोटांना पंचवीस वर्षांपासून ठाऊक होतं. जिवंतपणी न वाकलेल्या सेकिझावाला त्याने मेल्यावर आपल्यापुढे वाकवलं होतं, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

दारात ओगुची उभा होता. हातात निळी वही.

"लॉकरमध्ये होती, स्कीच्या बुटांखाली," तो म्हणाला. "एप्रिलमध्ये बुचोंनी मागितली. मी हरवली म्हणून सांगितलं. त्यांना दिली असती तर ती जाळली गेली असती. तुम्हाला दिली असती तर..." त्याने वही टेबलावर ठेवली. "आईबाबा दोघंही इथेच कामाला आहेत, मोमोसेसान."

"शिक्का तुझ्या हातातून कधी गेला?"

"सतरा तारखेला. हिवाळी ऑलिंपिकमधली संघाची स्की-उडी होती, सगळा कारखाना खानावळीत टीव्हीपुढे. हाकुबात बर्फ पडत होता, उड्या थांबल्या होत्या. बुचो माझ्याजवळ आले. म्हणाले, सेकिझावाच्या पेन्शनचे कागद अडलेत, शिक्का दे. सुवर्णपदक मिळालं तेव्हा ओरडत ओरडत परत आले आणि डबी माझ्या खिशात टाकली." तो भिंतीला टेकला. "मीही ओरडत होतो. सेकिझावासानना जाऊन चार दिवस झाले होते आणि मी ओरडत होतो."

किनुएने वही उघडली. तीनशे वेळा भरलेली बॅटरी, बेचाळीस ते बावन्न शतांश फुगवटा. कायम तारेवर ठेवलेली, उबेत, तीन महिने: अठ्ठावन्न शतांश. अक्षर सेकिझावाचं. खाली एक ओळ होती. 'याहून पातळ यंत्र आज आपल्याला बनवता येत नाही.'

६

साइगुसा खिडकीशी उभा होता. समोरच्या अंगणात खोक्यांच्या राशी लागल्या होत्या. किनुएने टेबलावर वही, बदलपत्र आणि भिंग ठेवलं, आणि टवका, तारीख आणि तिरका शिक्का या क्रमाने सगळं सांगितलं. तिला दहा मिनिटं लागली. 

"पेन्शनच्या कागदांना त्याच्या शिक्क्याची गरज नव्हती," ती शेवटी म्हणाली. "वहिनींनी सांगितलं."

साइगुसा बदलपत्रावर वाकला. भिंगातून बराच वेळ पाहत राहिला.

"तिरका," तो म्हणाला. "खरंच की." मग खुर्चीत बसला. त्याचे खांदे उतरले. "बारा तारखेला रात्री मी त्याच्यापुढे हात टेकले होते, मोमोसेसान. अक्षरशः फरशीवर. तो म्हणाला, बुचो, उठा, पॅन्ट मळेल. आणि नाही म्हणाला."

"मग तुम्ही त्याच दिवसाची तारीख घातलीत."

"त्याने हो म्हणायला हवं होतं तो दिवस." त्याने डोळे चोळले. "तुम्हाला काय वाटतं, मला बढती हवी होती? मुख्य कार्यालयाने डिसेंबरमध्येच बंद करायचं ठरवलं होतं. मी सांगितलं, थांबा, जगातलं सर्वांत पातळ यंत्र देतो. अठरा. तो आकडा मी बोलून बसलो. अठरा पूर्णांक सहाला कोण विचारतं? तीच बॅटरी पातळ केली तर दीड तासात संपते. कवच पातळ केलं तर तळवा टेकला की दबतं. कळांची उंची कमी केली तर टाइप करणारा शिव्या घालतो. सगळीकडून ओरबाडून झालं होतं. रिकामी अशी एकच जागा उरली होती."

"ती रिकामी नव्हती."

"आता कळतंय." त्याने भिंग बाजूला सारलं. "पहिल्या वर्षात फार तर चार-पाच यंत्रं. दुसऱ्या खेपेत आपण बॅटरी बदलू. कुणाला कळणार नाही."

"चार-पाच कुणाची?"

 खाली अंगणातून हामाचा आवाज आला. तो कुणावर तरी खोकी नीट रचली नाहीत म्हणून खेकसत होता. पाठोपाठ हसण्याचा आवाज आला.

"हामा अठ्ठावन्नचा आहे," साइगुसा हळूच म्हणाला. "त्याला आता कोण घेईल? ओगुचीच्या घरातले तर तिघंही इथेच. आणि तुम्ही? अठराव्या वर्षापासून इथे. माझं जाऊ द्या, मी राजीनामा लिहून ठेवलाय, तो तुम्ही काहीही केलंत तरी द्यायचाच आहे. पण आज माल गेला नाही तर सोमवारी मुख्य कार्यालयातून माणसं येतील आणि महिन्याभरात इथे कुलूप लागेल. तुम्हाला आकडे कळतात. मांडा हिशोब."

"मांडला. आठवडाभर मांडतेय." किनुएचा आवाज कोरडा होता. "कसाही मांडला तरी काही हाती लागत नाही. आणि त्या कागदावर माझाही शिक्का आहे. न वाचता मारलेला. मी तो वाचला असता तर साचा कापलाच गेला नसता. फेब्रुवारीत थांबवता आलं असतं, तेव्हा फक्त तुमचा शब्द मोडला असता. आता दोनशे बारा माणसं आहेत."

"मग मारा ना शिक्का," साइगुसा म्हणाला. त्याच्या बोलण्यात जोर नव्हता, जवळजवळ विनवणी होती. "नाहीतर मारू नका. पण काहीतरी बोला. गेला आठवडाभर तुम्ही सगळ्यांना उद्या, उद्या म्हणताय. आम्हाला माहीत तरी होऊ द्या."

टेबलावरचा फोन वाजला. साइगुसाने उचलला, ऐकलं आणि फोनच्या तोंडावर हात ठेवून तो तिच्याकडे धरला.

"यानागी. गाडी आलीय."

किनुएने रिसीव्हर घेतला. तीन वाजायला वीस मिनिटं होती. तिकडून इंजिनाची घरघर आणि माणसांचा गलका ऐकू येत होता. कुणीतरी दोरी मागत होतं.

"मोमोसेसान? ड्रायव्हर घाई करतोय हो. पोरांनी पहिली रास दारापाशी आणून ठेवलीय. आता तरी सांगा, भरायला घेऊ?"

तिने खिडकीतून खाली पाहिलं. हामाने टोपी काढून कपाळ पुसलं आणि वर बघून तिच्याकडे हात हलवला. तिला हात हलवता आला नाही.

"यानागीसान," ती म्हणाली, "भरू नका. दारापाशी आणलेली खोकीही मागे घ्या. यातलं एकही यंत्र बाहेर जाणार नाही. मी शिक्का देणार नाही."